गोष्टीतून गळलेला दिवस

क्षमा या विषयावर मी बोलणार म्हटल्यावर घरचे हसले. कारण अकरा वर्षं मी सख्ख्या धाकट्या भावाशी धड बोललो नव्हतो. तेव्हा हे अधिकारवाणीनं वगैरे नाही, तोंडघशी पडलेल्या माणसाचं सांगणं समजा.

आमचं भांडण जमीनजुमल्यावरून नव्हतं. वडील आयसीयूत होते. मी एकटा बाहेरच्या बाकड्यावर रात्री काढत होतो आणि हा "फिरकलासुद्धा नाही." हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! ते इतकं घोटलं गेलं, की कुठे थांबायचं, कुठे सुस्कारा टाकायचा, हेही ठरून गेलं होतं. एकदा पाहुण्यांसमोर तेच पुराण चालू असताना मुलगी सहज म्हणाली, "पण बाबा, काका तिसऱ्या दिवशी आले होते ना? मला गाडीवरून घरी त्यांनीच सोडलं होतं."

मी तिला गप्प केलं. रात्री मात्र झोप लागेना. आला होता. हातात हेल्मेट घेऊन दाराशी उभा होता. मी खोटं बोलत नव्हतो बरं का. तो दिवस माझ्या गोष्टीत बसत नव्हता, म्हणून केव्हातरी गळून पडला, इतकंच.

रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांकडून त्यांनी दोन प्रसंग लिहून घेतले होते: कुणी तुम्हाला संताप आणला तो, आणि तुम्ही कुणाला आणलात तो. लिहिणारी माणसं तीच. पण स्वतः दुखावलेले असताना त्यांची गोष्ट लांबते, मागचे अपराध तिला येऊन चिकटतात, परिणाम अजून चालूच असतात आणि समोरच्याच्या वागण्याला काही कारणच दिसत नाही. आपण दुसऱ्याला दुखावलं असलं, की प्रसंग सुटा, झाला नि संपला, आणि आपल्या वागण्याला कारण तयार!

आत्मभान म्हटलं की डोळे मिटून बसणं आठवतं. बसा जरूर. पण मला विचाराल तर आपलं तक्रारीचं ठरलेलं वाक्य पकडणं जास्त कामाचं. त्यात 'कधीच', 'नेहमी', 'सुद्धा' आलं, की काहीतरी गाळलंय असं मी आता धरूनच चालतो.

भावाला फोन केला. म्हटलं, "तू तिसऱ्या दिवशी आला होतास, हे मी विसरूनच गेलो होतो." बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "दादा, तू दारातच म्हणालास, आता कशाला आलास?"

मला हे आजही आठवत नाही. त्याच्या गोष्टीत मात्र तेवढंच होतं.

म्हणजे प्रत्येक भांडणात दोघं निम्मे-निम्मे चुकलेले असतात का? मुळीच नाही. मार खाणाऱ्या बाईला "तुझंही काही चुकलं असेल" म्हणणं हा निव्वळ निर्दयपणा आहे. विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठातले रॉबर्ट एन्राइट १९८५पासून क्षमेचा अभ्यास करत आले आहेत. ते क्षमा आणि समेट या दोन गोष्टी वेगळ्या काढतात. क्षमा एकट्याला करता येते. समेटाला दोघं लागतात, शिवाय विश्वास लागतो. मनातली अढी सोडूनही दार बंद ठेवता येतं, पोलिसांतली तक्रार मागे घ्यावी लागत नाही. "जाऊ दे, माफ कर" अशी घाई करणारे नातेवाईक बहुधा स्वतःचं अवघडलेपण संपवायला निघालेले असतात.

आमच्यात समेट झाला का? अर्धामुर्धा. त्यानं पहिल्याच दिवशी यायला हवं होतं, हे माझं मत कायम आहे. तसं त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "हो, यायला हवं होतं." एवढं ऐकण्यासाठी मी अकरा वर्षं धुमसत होतो, आणि त्याला सरळ विचारावं हे एकदाही सुचलं नव्हतं.

ही गोष्ट व्याख्यानात सांगू का, असं काल त्याला विचारलं. म्हणाला, "सांग की. पण त्या बाकड्यावर दोन रात्री वहिनी होती, तेही सांग."