शेवाळावर पोसलेले तीन क्विंटल

(दृश्य: पहाटेची मेकाँग नदी. धुक्यात लांबट होड्या.)

मे २००५. उत्तर थायलंडमधल्या कोळ्यांच्या जाळ्यात एक मासा लागला. लांबी २.७ मीटर, वजन २९३ किलो. म्हणजे ज्वारीची जवळजवळ तीन पोती! आणि एवढं अंग पोसलं होतं मुख्यतः शेवाळावर.

हा मेकाँगचा महाकाय कॅटफिश. थाई लोक त्याला 'प्ला बुक' म्हणतात.

कॅटफिश म्हटलं की आपल्याला आठवतो शिवडा. रुंद जबडा, तोंडभर दात, लांब मिशा.

(क्लोजअप: माशाचं तोंड.)

याच्या तोंडात मात्र एकही दात नाही. पिलांना दात असतात, मिशाही असतात. वाढत्या वयात दात जातात आणि मिशा आखडून नावापुरत्या उरतात. डोळा तर शोधावा लागतो. सापडतो तो तोंडाच्या रेषेखाली, गालावरून घसरल्यासारखा. अंगावर खवला नाही. करडी पाठ, पांढरट पोट.

हॉटेलात 'बासा' म्हणून आपल्या ताटात अनेकदा पंगास येतो. तो याचाच भाऊबंद. पण पंगास तळ्यात सुखाने वाढतो. याला मोकळी नदी लागते.

(दृश्य: तोनले साप सरोवर, पाण्यात बुडालेलं जंगल.)

कंबोडियात पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते, की तिला मिळणारी तोनले साप नदी चक्क उलटी, त्याच नावाच्या सरोवराकडे वाहू लागते. एरवी अडीच हजार चौरस किलोमीटरचं हे सरोवर पाच-सहा पट पसरतं. झाडं शेंड्यापर्यंत बुडतात, खाण्याची चंगळ होते. पाणी ओसरू लागलं, की हे मासे सरोवर सोडून पुन्हा मेकाँगची वाट धरतात.

त्याच वाटेवर जाळी आहेत, आणि वरच्या अंगाला धरणं. थायलंडमध्ये १९८३ साली माणसाच्या हातून याची पैदास झाली, तिथल्या जलाशयांत पिलं सोडली गेली. नदीतला मासा मात्र आज नामशेष होण्याच्या काठावर आहे.

(दृश्य: नदीत आडवी लावलेली मोठाली पिशवीजाळी.)

डिसेंबर २०२४. कंबोडियात पाच दिवसांत असे सहा मासे सापडले. त्यांतला सर्वांत मोठा १३१ किलोचा. कुणी विकले नाहीत. मापं घेतली, अंगावर खुणेची पट्टी लावली आणि पाण्यात सोडून दिले. पट्टीवाला मासा पुन्हा कुणाच्या जाळ्यात आला, तर तो कुठवर पोचला ते कळेल.