न विचारता दिलेलं कर्ज

नमस्कार मंडळी.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. कापूस विकला की पैसा आधी सावकाराच्या वहीत जायचा, उरला तर घरात. म्हणून कर्जाचा विषय निघाला की आबाजी, म्हणजे माझे आजोबा, एवढंच विचारायचे, "कोनं देल्लं, कोनाले देल्लं, अन् देनाऱ्याले इचारलं होतं का?"

आता गंमत ऐका. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा ब्रिटन आपलं देणं लागत होतं, तेही १,५०० कोटी रुपयांच्या वर! अर्थमंत्री षण्मुखम चेट्टींनी त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला पहिला अर्थसंकल्प मांडला, त्यात साडेसात महिन्यांचा महसूल होता १७१ कोटी आणि खर्च १९७ कोटी. खर्चातला जवळपास निम्मा लष्कराचा. अशा घराची एवढी मोठी उधारी साहेबाकडे अडकलेली.

ती झाली कशी? महायुद्धात ब्रिटनने इथून माल उचलला, त्याचे पौंड लंडनमध्ये जमा दाखवले आणि त्यांच्या तारणावर रिझर्व्ह बँकेने इथे नोटा छापल्या. १९३९ साली सुमारे १८० कोटींच्या नोटा चलनात होत्या, युद्ध संपेपर्यंत त्या १,२०० कोटींच्या आसपास गेल्या. महागाई भडकली. आबाजींना आठवायची ती कापडाची टंचाई आणि रॉकेलची रांग. ते कर्ज खरं तर त्या रांगेतल्या माणसांनी दिलं होतं, कोणी न विचारता.

वसुलीची बोलणी अवघड होती. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सेवेतून वर आलेले आपले चिंतामणराव देशमुख त्या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. १९४८ च्या करारात त्याच शिलकीतून सुमारे १० कोटी पौंड इथे राहिलेल्या लष्करी सामानापोटी वळते झाले, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनसाठी त्याहूनही जास्त. (सावकारी हिशेब आम्हाला नवा नाही, पण हा भारीच!) उरलेली गंगाजळी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत आटली आणि १९५८ पासून भारताला मदत देणाऱ्या देशांच्या बैठका सुरू झाल्या.

घरातही सरकार उसने मागत होतंच. पोस्टात बारा वर्षांचं राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र मिळायचं, शंभराचे दीडशे. आबाजींनी एक घेतलं. आजी म्हणाली, "सरकारले कायले देता पैसे?"

"या बारीले इचारून नेले ना," आबाजी म्हणाले आणि कागद घडी करून पेटीत ठेवला.