उशिराची वही

पावणेसात. भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीतून उतरणाऱ्या पायऱ्या. आधी दप्तरं दिसतात, मग मुलं. काहींच्या घरी बाबा पितात.

सातला शाळेचं फाटक बंद होतं. हा मुलगा पोचला सव्वासातला. पूर्वी अशांना मैदानात उभं करायचे. खरं तर शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने 2009 सालीच शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली होती. आता फाटकापाशी बाई वही घेऊन बसतात. साधी, दोनशे पानी. रकाने तीन : नाव, वेळ आणि 'काल झोप किती?'

'उशीर का झाला?' विचारलं की मुलं थापा मारतात. बाबांच्या दारूबद्दल बाहेर बोलायचं नाही, हे त्यांना पाढ्यांच्या आधी पाठ असतं. झोपेचं मात्र सांगून टाकतात. "दोन तास." "आईबरोबर शेजारच्या काकूंकडे होतो."

पानं उलटताना बघा. सोमवारी नावं जास्त. पगाराच्या आठवड्यात त्याहून जास्त.

नाव तिसऱ्यांदा आलं की वर्गशिक्षकांना निरोप जातो. त्या दिवशी अपुऱ्या गृहपाठावरून ओरडायचं नाही. डोकं बाकावर टेकलं तर पहिला तास झोपू द्यायचं. आणि जवळ जायचं ते समोरून, नावाने हाक मारून. मागून अचानक खांद्यावर हात ठेवायचा नाही. खिचडी वाढणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवलंय : दुसऱ्यांदा ताट पुढे आलं तर काही विचारू नका.

जिन्याखालची ही खोली. चटई, खडू. समुपदेशक ताई आठवड्यातून एकदाच येतात, हे कमीच आहे. आजचं चित्र : घर. खिडकी नाही. दार कागदभर, आतून तीन कड्या.

(निवेदन थांबते. चित्र दिसत राहते.)

"बाबा पितात ते तुझ्यामुळे नाही. त्यांची दारू सोडवणं तुझं काम नाही." घरात कुणी पिणारं असलेल्या किशोरवयीन मुलांचे अलॅटीन आधारगट 1957 पासून हेच सांगत आलेत. ताई ते दर आठवड्याला नव्याने सांगतात.

अंगावर वळ दिसले तर मात्र वही बाजूला. भिंतीवरचा 1098 हा नंबर फिरवला जातो. मुलांसाठीची ही हेल्पलाइन 1996 साली याच मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली.

एकाचे वडील उपचार घेऊन आले, पुन्हा प्यायला लागले. दोन मुलं गावी गेली.

शनिवार. शाळा सुटली. बाई कोऱ्या पानावर सोमवारची तारीख टाकून ठेवतात.