हॉलमधला ऑटोगायरो : पाती मोजा, चकती नको

[दृश्य : बॅडमिंटन हॉल. पंखे, एसी बंद. कॅमेरा रोटरच्या जवळ.]

ऑटोगायरो म्हणजे डोक्यावर मोकळा फिरणारा रोटर, म्हणजे आडवा पंखा, असलेलं विमान. हे त्याचं हॉलमध्ये उडणारं छोटं स्पर्धेचं मॉडेल. हा रोटर कुणी फिरवत नाहीये. रबराच्या पिळावर चालतो तो पुढचा प्रोपेलर, आणि तो मॉडेलला नुसता ओढतो. रोटर फिरतो समोरून-खालून येणाऱ्या हवेवर, आणि मॉडेलचा भार मात्र तोच पेलतो. हेलिकॉप्टरचं उलट, तिथे रोटर इंजिनच फिरवतं.

हवा लागून तो योग्य दिशेने फिरायचा, तर पात्याची पुढची कड किंचित खाली हवी. सुरुवात उणे ३ अंशांनी करा. ४ सेंमी रुंद पात्यावर ३ अंश म्हणजे पुढची कड मागच्या कडेपेक्षा २ मिमी खाली. कड वर गेली, की रोटर रेंगाळतो, कधी उलटाही फिरतो.

[दृश्य : टेबलावर सुटे भाग.]

पाती चार, प्रत्येकी १६ गुणिले ४ सेंमी, ०.८ मिमी जाडीच्या हलक्या बाल्सा लाकडाची. चारही मिळून साधारण २ ग्रॅम. पातं हबला, म्हणजे रोटरच्या मधल्या तुकड्याला, जोडायचं ते बांबूच्या चपट्या कामटीने, ३ मिमी रुंद, ०.८ मिमी जाड. रुंद बाजू आडवी ठेवा. कामटी वर-खाली लवते, पण पिळली जात नाही. गोल काडी लावली तर ती पिळते, आणि मेहनतीने बसवलेले ३ अंश पहिल्याच उड्डाणात हरवतात.

हे लवणं का हवं? पुढे येणाऱ्या पात्याला वारा जास्त लागतो, मागे जाणाऱ्याला कमी. पाती ताठ असतील, तर मॉडेल मागे जाणाऱ्या पात्याच्या बाजूला कलंडतं. ऑटोगायरो शोधणाऱ्या स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हा यांना हाच धडा मिळाला. लवचीक पात्यांचं छोटं मॉडेल उडत होतं, ताठ पात्यांची मोठी यंत्रं कलंडत होती. त्यांनी पात्यांच्या मुळाशी बिजागऱ्या बसवल्या, आणि जानेवारी १९२३ मध्ये त्यांचं सी-४ हे ऑटोगायरो उडालं.

रोटर कुठल्या दिशेने फिरवायचा, हेही आधीच ठरवा. मागून पाहताना प्रोपेलर घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर मॉडेल डावीकडे झुकतं. म्हणून रोटर वरून पाहताना घड्याळाच्या दिशेनेच फिरवा; त्याचा कल उजवीकडे, दोन्ही बऱ्यापैकी फिटतात. मात्र पीळ उतरत आला की प्रोपेलरचा जोर ओसरतो आणि मॉडेल उजवीकडे ओढू लागतं. शेवटच्या टप्प्यातल्या बऱ्याच घसरगुंड्या यातूनच होतात.

हबखाली टेफ्लॉनचे दोन वॉशर पुरतात. सुपरग्लूचा एक थेंब आत झिरपला, की खेळ खलास.

[दृश्य : आलेखाच्या कागदावर रोटर आणि शेपूट.]

आता स्पर्धेचे नियम. खरी भांडणं इथेच. रोटर शोभेला ठेवायचा आणि मोठ्या शेपटीवर विमानच उडवायचं, ही सगळ्यात सोपी पळवाट. त्यामुळे शेपटीसारख्या आडव्या स्थिर भागांच्या क्षेत्रफळावर मर्यादा हवीच. समजा, २५ टक्के ठरवली. पण कशाच्या २५ टक्के? या रोटरचा व्यास ३६ सेंमी, म्हणजे फिरताना तो १,०१८ चौरस सेंमीची चकती व्यापतो. तिचे २५ टक्के २५४ चौ. सेंमी. आणि चारही पाती मिळून भरतात २५६! शेपूट रोटरएवढी झाली की. तेच २५ टक्के पात्यांचे धरले, तर मिळतात ६४ चौ. सेंमी, म्हणजे बरोबर एका पात्याएवढी शेपूट. तेवढ्यावर भागवायला शेपटीचा दांडा लांब करावा लागतो. करू द्या. नियमात ‘रोटरचं क्षेत्रफळ’ असं मोघम लिहू नका, ‘पात्यांचं एकूण क्षेत्रफळ’ लिहा. ‘व्ही’ आकाराच्या शेपटीचं क्षेत्रफळ वरून पडणाऱ्या सावलीएवढं धरा.

किमान वजन रबराशिवाय ६ ग्रॅम आणि रबर जास्तीत जास्त २ ग्रॅम ठेवा, म्हणजे नवख्यालाही स्पर्धेत उतरता येतं. वजनाला ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो.

सोडण्याआधी रोटरला हाताने गती द्यायला हरकत नाही. थांबलेला रोटर घेऊन मॉडेल सोडलं, तर ते जमिनीकडेच जातं. पण रोटर आणि रबर यांचा संबंध नको. तपासणीत प्रोपेलर हाताने फिरवा. रोटर जागचा हलला नाही पाहिजे.

[दृश्य : पात्याच्या टोकावर लाल स्केचपेन.]

एका पात्याचं टोक लाल करून घ्या. मॉडेल जमिनीला टेकलं की उड्डाणाची वेळ मोजणारं घड्याळ बंद, आणि हवेत रोटर थांबला तरी बंद. लाल टोक दिसत नसेल, तर तिसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवरचा रोटर फिरतोय की थांबलाय, हे वेळ घेणाऱ्याला खालून सांगता येत नाही.