बत्तीस बोअरचा भरवसा

(दृश्य: पाटावर लाल कापड. झेंडूची फुलं. बांगड्यांचे हात.)

खंडेनवमी. हडपसरच्या पुढे, मांजरीतलं घर. पाटावर विळा आहे, खुरपं आहे, शिलाई मशीनची कात्री आहे आणि मधोमध बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. ताई त्याला हळद वाहतात, कुंकू वाहतात, तेलाचं बोट लावतात. हत्यार त्यांच्या यजमानांचं. ते गेल्यावर वारस म्हणून परवाना ताईंच्या नावावर झाला. नाव सांगायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, ही या फिल्ममधल्या प्रत्येकाची अट होती. त्यामुळे तुम्हाला हातच दिसतील.

वेळ आली तर हे चालेल का, असं आम्ही ताईंना विचारलं.

"चालेल की. ह्यांनी घेतलं तेव्हा चालवून बघितलं होतं."

कधी?

"धाकट्याच्या बारशाच्या आधी."

धाकटा आता कॉलेजात आहे.

(दृश्य: गनहाऊसचं काउंटर, काचेखाली रांगेने रिव्हॉल्व्हर.)

या हत्याराला बाजारात स्वस्त म्हणतात. सामान्य नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात 1980च्या दशकात बंद झाली. आधी आलेली वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन तेवढी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिली आणि त्यांचे भाव काही लाखांवर गेले. नळीच्या मापाने .38 आणि 9 मिलिमीटरची हत्यारं नागरिकांना मना. मग उरतं ते देशी बत्तीस, म्हणजे .32, कानपूरच्या ऑर्डनन्स कारखान्यातलं. 2014 मध्ये तिथूनच महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' आलं, वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. शेतकऱ्याच्या घरात सव्वा लाख ही लहान रक्कम नाही. पण या काउंटरवर स्वस्त म्हणजे हेच.

(दृश्य: काडतुसाचं बूड, अगदी जवळून.)

काडतूस मात्र आपल्या गावचं. बुडावरची ही दोन अक्षरं बघा, के आणि एफ. किर्की फॅक्टरी, म्हणजे आपली खडकी. कारखाना 1869 चा. 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे.

सोलापूर रोडवरच्या एका पेट्रोल पंपाचे मालक रोजची रोकड घेऊन घरी जातात. कमरेला देशी बत्तीस. ते म्हणतात, "स्प्लेंडरसारखं आहे. किक मारली की चालू." आजवर किती गोळ्या मारल्या, असं विचारलं. ते बोटांवर मोजायला लागले. "दहा. नाही, अकरा."

रविवार पेठेतल्या एका सराफांनी आपलं दोन वर्षांत विकून टाकलं. चाप, म्हणजे ट्रिगर, फार जड, दाबताना नेम हलतो, ही त्यांची तक्रार. तक्रार खरी आहे. नुसता चाप दाबून गोळी मारायची तर त्याच एका बोटाने घोडाही, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा हॅमर, मागे ओढायचा असतो आणि काडतुसांचा सिलिंडरही फिरवायचा असतो. आधी अंगठ्याने घोडा ओढून घेतला की चाप हलका होतो. हे त्यांना घेताना कोणी सांगितलंच नव्हतं.

(दृश्य: शाळेची दोनशे पानी वही, निळ्या शाईतल्या नोंदी.)

ही वही एका निवृत्त सुभेदारांची. तारीख, किती गोळ्या मारल्या, किती उडाल्या, सगळं लिहिलेलं. तीन ठिकाणी लाल खूण आहे. तीन वेळा गोळी उडाली नाही. तिन्ही एकाच खोक्यातल्या, पावसाळाभर लोखंडी ट्रंकेत पडून राहिलेल्या. सुभेदार म्हणाले, "मी रिव्हॉल्व्हर बदललं नाही. खोकं बदललं."

अकरा गोळ्या मारणाऱ्याचं मत ठाम होतं. वही भरणारा सावधपणे बोलत होता. आम्ही ज्यांना ज्यांना भेटलो, तिथे हेच दिसलं.

(दृश्य: कॅम्पातलं दुरुस्तीचं दुकान. टेबल, लटकता दिवा, मिस्त्रींचे हात.)

ताईंचं रिव्हॉल्व्हर आम्ही ताईंसोबतच इथे आणलं. मिस्त्री परवाना बघतात, नंबर जुळवतात. मग हत्यार रिकामं असल्याची खात्री, आधी डोळ्यांनी, नंतर करंगळीने, सिलिंडरची सहाही घरं. अंगठ्याने खटका दाबला की रिव्हॉल्व्हर मधून दुमडतं आणि नळी खाली झुकते. त्याबरोबर सिलिंडरमधून चांदणीच्या आकाराची एक चकती वर येते आणि सहा रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर टाकते. हे रिव्हॉल्व्हर बर्मिंगहॅमच्या वेब्लीच्या नमुन्यावर बेतलेलं.

ताईंच्या रिव्हॉल्व्हरची चांदणी अर्ध्यावर थांबली.

मिस्त्री मूठ उघडतात. घोड्याच्या बुडाशी तपकिरी चिकटा साचलाय. टाचणीने काढून ते तो पांढऱ्या कागदावर ठेवतात, बोटाने पसरतात. कागद लाल होतो.

"ताई, हे कुंकू आहे."

इतक्या वर्षांच्या नवम्यांचं हळदकुंकू, त्यावर दर वेळी तेलाचं बोट. घट्ट लुकण झालेलं. असा घोडा पडतो, पण जोर मरतो. पिन काडतुसाला टेकते, फोडत नाही.

नळीवर गंजाचा एक लांब पट्टा आहे, तो चामड्याच्या कव्हरचा. पुण्याच्या पावसाळ्यात चामडं ओल धरून ठेवतं. हत्यार कव्हरात घालून कपाटात ठेवू नका, हे वाक्य मिस्त्रींनी आमच्यासमोर दिवसभरात चार गिऱ्हाइकांना सांगितलं.

(दृश्य: रॉकेलची वाटी, जुना टूथब्रश, सुटे भाग.)

दोन तास साफसफाई. जोडल्यावर सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फिलर गेजने मोजतात. स्कूटरचा पॉइंट सेट करायला मेकॅनिक वापरायचे, तीच पाती. मग घोडा सावकाश मागे. मिस्त्री डोळे मिटून ऐकतात. टक. सिलिंडर जागेवर बसला. सहा घरं, सहा वेळा टक. आवाज जरा उशिरा आला तर काडतूस नळीच्या समोर नीट येत नाही.

निवडणूक आली की आचारसंहितेत ताईंचं हत्यार जमा झालं, परत आलं. नूतनीकरणाला नंबर ताडला गेला. इतक्या वर्षांत घोडा कोणी ओढून पाहिला नाही. 2016 चे शस्त्र नियम परवाना देताना प्रशिक्षण मागतात. नंतरचं काय? शेतात जाऊन चालवून बघणं हा मार्ग नाही. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर, बेपर्वाईने गोळी झाडून कोणाचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर्षातून एकदा, रेंजवर, जाणकाराच्या देखरेखीखाली सहा गोळ्या. एवढी सोय प्रत्येक परवानाधारकाला मिळायला हवी, आणि ती सक्तीची हवी.

रेंजमध्ये कॅमेरा नेता आला नाही. आवाज आहे.

(ध्वनी: चार गोळ्या. शांतता. दोन गोळ्या.)

मधला थांबा ताईंचा. हात भरून आला म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हर खाली टेकवलं होतं.

(दृश्य: पाट, लाल कापड, झेंडू.)

यंदाची खंडेनवमी. विळा, खुरपं, कात्री. रिव्हॉल्व्हर सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात. ताई कुंकू लावतात ते डब्याच्या झाकणाला.