विमान जमिनीवर असतं तेव्हा

[दृश्य: स्टँडवर येऊन थांबणारं विमान. पोटाखालचा लाल दिवा लुकलुकतोय.]

हा लाल दिवा विझेपर्यंत कुणीही विमानाजवळ जात नाही. इंजिनं थांबल्याची ती खूण आहे. दिवा विझला की चाकांना ठोकळे लागतात, जमिनीवरच्या विजेची केबल जोडली जाते आणि सामानाच्या कप्प्याचं दार उघडतं.

जवळच्या पल्ल्यावर उडणाऱ्या १८० आसनी विमानाला स्वस्त दरातल्या कंपन्या इथे साधारण २५ ते ३० मिनिटं देतात. तेवढ्यात माणसं उतरायची, केबिन झाडायची, इंधन भरायचं, खालचं सामान काढून नवं चढवायचं, नवे प्रवासी बसवायचे आणि वजनाचा हिशेब, म्हणजे लोडशीट, कॅप्टनपर्यंत पोहोचवायची. कंपनीची ग्राहकसेवा कशी आहे, हे बरंचसं या अर्ध्या तासात ठरतं. दारातल्या हसऱ्या स्वागताचं मोल आहेच, पण पुढचं विमान चुकलेल्या माणसाला ते पुरत नाही.

या मिनिटांची किंमत अमेरिकेतल्या साउथवेस्ट या विमान कंपनीला फार लवकर कळली. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या तीन शहरांत या कंपनीची उड्डाणं सुरू झाली. पुढच्याच वर्षी पैशांची इतकी ओढाताण झाली, की चार बोइंग ७३७ पैकी एक विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचं होतं. तीन विमानांत ते बसवायचं, तर प्रत्येक विमान १० मिनिटांत परत निघायला हवं होतं. कर्मचाऱ्यांनी ते करून दाखवलं. आजची भरगच्च विमानं आणि सुरक्षेचे नियम पाहता १० मिनिटं शक्य नाहीत, पण हिशेब तोच आहे. दिवसाला सहा उड्डाणं करणारं विमान मध्ये पाच वेळा थांबतं. दर थांब्यात १५ मिनिटं वाचली, तर सव्वा तास हाती येतो. तेवढ्यात एक छोटं उड्डाण बसतं.

[दृश्य: केबिनमधली अरुंद वाट. बावीसाव्या रांगेशी एक प्रवासी थांबलाय.]

मग मिनिटं जातात कुठे? बहुतेक दारात आणि या वाटेत. विमान उत्पादकांच्या आराखड्यांत एका दारातून मिनिटाला साधारण २० प्रवासी उतरतात आणि १२ चढतात, असं धरलेलं असतं. म्हणजे १८० जणांना उतरायला ९ आणि चढायला १५ मिनिटं. एकाच दारात २४ मिनिटं संपली, झाडलोट अजून व्हायचीच आहे. म्हणूनच अनेक स्वस्त कंपन्या एरोब्रिजऐवजी, म्हणजे टर्मिनलपासून दारापर्यंतच्या बंदिस्त पुलाऐवजी, शिड्या लावून पुढचं-मागचं दोन्ही दारं वापरतात. प्रवाशाला उन्हापावसात चालावं लागतं, हे खरं. पण विमान वेळेवर सुटतं.

आता या प्रवाशाकडे बघा. त्याच्या डोक्यावरचा कप्पा भरलाय. तो बॅग आडवी घालून पाहतो, मग उभी, मग मागच्या रांगांत जागा शोधतो. तिथेही नाही. आता ती बॅग पुढच्या दाराशी न्यायची, तीही समोरून येणाऱ्या रांगेला चिरत. टॅग लावायचा, शिडीवरून खाली द्यायची, सामानाची संख्या बदलायची. अशा चार-पाच बॅगा निघाल्या की निघण्याची वेळ हुकलीच.

या गर्दीचं मूळ धोरणात आहे. २००८ मध्ये इंधन महागलं तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने चेक-इनच्या पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले आणि पाठोपाठ इतर कंपन्यांनीही तेच केलं. प्रवासी साहजिकच सामान केबिनमध्ये आणू लागले. उत्पन्न एका खात्यात जमा झालं, उशीर दुसऱ्याच्या माथी आला. यावर उपाय एकच: कप्प्यांत किती बॅगा मावतात हे गेटवर माहीत असावं आणि बोर्डिंग सुरू होण्याआधीच जास्तीच्या बॅगा, विनाशुल्क, खाली पाठवाव्यात. विमानात शिरलेली बॅग बाहेर काढणं सगळ्यांत महागात पडतं.

[दृश्य: नियंत्रण कक्षातला पडदा. एकाखाली एक उड्डाणांच्या पट्ट्या.]

सकाळचा उशीर सकाळपुरता राहत नाही. तेच विमान संध्याकाळपर्यंत पाच शहरं करणार असतं. युरोपात आकाशात गर्दी असली की उड्डाणाला ठरावीक वेळेचा स्लॉट मिळतो: ५ मिनिटं आधी ते १० मिनिटं नंतर. तो चुकला की नवा मागायचा आणि थांबायचं. त्यात वैमानिक आणि केबिन क्रूच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. सकाळी साचलेली ४० मिनिटं रात्री क्रूचे तास संपवतात आणि शेवटचं उड्डाण रद्द होतं. गेटवर कारण सांगतात 'ऑपरेशनल'. प्रवाशाला त्यातून काहीच कळत नाही.

म्हणून जाणते नियोजक दुपारी एक थांबा मुद्दाम लांब ठेवतात. २५ ऐवजी ५५ मिनिटं. सकाळचा उशीर तिथे जिरतो. कागदावर हा अर्धा तास वाया गेलेला दिसतो, त्यामुळे खर्चकपातीत पहिली कात्री त्यालाच लागते. आमच्या मते ही सगळ्यांत महागडी बचत.

डिसेंबर २०२२ मध्ये साउथवेस्टवरच सगळं वेळापत्रक कोसळण्याची वेळ आली. वादळानंतर इतर कंपन्या सावरल्या. साउथवेस्टला मात्र आपले क्रू कुठे आहेत, याचाच मेळ लागेना. जुनी संगणक प्रणाली इतके बदल पेलू शकली नाही, कर्मचारी तासन् तास फोनवर ताटकळले. १६ हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली. पुढच्या वर्षी सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड केला.

[दृश्य: गेटवरची कर्मचारी माइक हातात घेते.]

उशीर झालाच, तर काय बोलायचं? 'आणखी २० मिनिटं' असं तीनदा सांगण्यापेक्षा एकदाच 'दीड तास' सांगणं बरं. माणूस जेवून तरी येतो. कारण साध्या शब्दांत सांगावं: पुढच्या चाकाचा टायर बदलतोय, सुटा भाग अजून यायचाय. आणि पुढची माहिती ६:४० ला देऊ म्हटलं, तर ६:४० ला माइक हाती घ्यायचाच. नवं काही नसलं तरी. लोक चिडतात ते थांबण्यापेक्षा अंधारात ठेवल्यामुळे.

बोलायला अधिकारही लागतो. ९ एप्रिल २०१७ ला शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर चार कर्मचाऱ्यांना जागा हवी होती म्हणून युनायटेड या विमान कंपनीच्या उड्डाणात बसलेल्या प्रवाशांना उतरायला सांगितलं. जागा सोडण्यासाठी ८०० डॉलरपर्यंत देऊ केले, तरी कुणी तयार झालं नाही आणि एकाला ओढत बाहेर काढलं. तो व्हिडिओ जगभर पोहोचला. त्याच महिन्यात कंपनीने स्वेच्छेने जागा सोडणाऱ्याला द्यायच्या मोबदल्याची मर्यादा १०,००० डॉलरवर नेली. पण रकमेइतकीच वेळही महत्त्वाची. ही विचारणा ऑनलाइन चेक-इनलाच करता येते, जेव्हा प्रवासी घरी असतो आणि उद्याचं विमान त्याला चालणार असतं. आसनावर बसून पट्टा बांधलेल्या माणसाशी तीच बोलणी करणं फार अवघड.

[दृश्य: विमान मागे ढकललं जातंय. नियोजकाच्या टेबलावर पुढच्या मोसमाचं वेळापत्रक.]

जगभरातली वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. विमानतळांवरच्या वेळा त्याच्या कित्येक महिने आधी मागाव्या लागतात. या रकान्यात आत्ता दुपारच्या थांब्याचा आकडा भरला जातोय. ५५ होता. खर्चाच्या बैठकीतून ३० ची सूचना आली आहे.