केळं स्वच्छ, कोनफळ विषारी: मार्तिनिक बेटाचा हिशेब

नमस्कार मंडळी! उपासाला कोनफळ खाणारे तुमच्यात बरेच असतील. त्याच कुळातला कंद कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर अगदी रोजच्या जेवणातला. पण तिथल्या बाजारात भावाबरोबर आणखी एक प्रश्न विचारला जातो: कुठल्या जमिनीतलं? हा प्रश्न चवीसाठी नसतो. कंदात विष असेल का, याचा अंदाज घ्यायचा असतो.

त्या विषाचं नाव क्लोरडेकोन. गुलामगिरीची भरपाई मागणारी माणसं एका कीटकनाशकाचं नाव का घेतात, ते आज बघू.



मार्तिनिक म्हणजे आजही फ्रान्स. पॅरिसपासून सुमारे सात हजार किलोमीटरवर, पण चलन युरो आणि टपालपेटी पिवळी. इथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि त्यांचे वंशज राबायचे. १८४८ मध्ये पॅरिसने ही गुलामगिरी बंद करण्याचा हुकूम काढला, तारीख २७ एप्रिल. कागद जहाजाने यायचा होता. लोकांनी त्याची वाट बघितलीच नाही. मे महिन्यात उठाव झाला आणि २३ तारखेला गव्हर्नरला तिथल्या तिथे मुक्ती जाहीर करावी लागली.

पुढच्या वर्षी भरपाईचा कायदा आला. आता नीट ऐका. भरपाई मिळाली मालकांना! 'आमची मालमत्ता गेली' म्हणून. राबणाऱ्यांना ना पैसा मिळाला, ना वीतभर जमीन. मालकांकडे मळे राहिले ते राहिले, वर पैसाही आला. मजूर कमी पडायला लागले तेव्हा १८५३ पासून पाँडिचेरी-कारैकालकडून करारी मजूर जहाजांतून नेले. मराठी नसतील, पण या गोष्टीत आपल्याकडची माणसंही आहेत.

या गोऱ्या मळेवाल्यांच्या वंशजांना तिथे 'बेके' म्हणतात. लोकसंख्येत जेमतेम एक टक्का. उसाची सद्दी संपली, केळी आली, पण मोठे मळे बऱ्याच अंशी त्याच घराण्यांकडे राहिले.

आता केळीच्या बागेत चला. रावेर-यावलच्या मंडळींना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. सोंड्या भुंगा केळीच्या बुडाशी अंडी घालतो, अळी कंद पोखरते, मग जरा वारा सुटला की घडासकट झाड आडवं. यावर उपाय म्हणून १९७२ मध्ये फ्रान्सने क्लोरडेकोनला तात्पुरती परवानगी दिली. पांढरी भुकटी. मजूर, त्यात बायाही पुष्कळ, बादलीतून हाताने ती काढायचे आणि एकेका बुंध्याभोवती टाकत पुढे जायचे. हातमोजे नाहीत. संध्याकाळी तेच कपडे घरी.

कोणाला काही ठाऊकच नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. फेब्रुवारी १९७४ मध्ये केळीमळ्यांतले मजूर संपावर गेले. मजुरी वाढवा, आणि ही विषारी औषधं बंद करा, अशा मागण्या होत्या. शाल्वे इथे गोळीबार झाला, एक मजूर ठार झाला. दोन दिवसांनी एका तरुणाचा मृतदेह सापडला.

१९७५ मध्ये अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या होपवेल गावात, हेच रसायन बनवणाऱ्या कामगारांचे हात थरथरायला लागले. कारखाना बंद झाला, जेम्स नदीतली मासेमारी थांबवली. १९७९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते संभाव्य कर्करोगकारक ठरवलं. आणि १९८१ मध्ये फ्रान्सने काय केलं? नवा परवाना दिला, 'कुर्लोन' या नव्या नावाने. १९९० मध्ये परवाना रद्द झाला, तरी बेटांवर वापरायची सवलत १९९३ पर्यंत चालूच.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. हे विष मातीला चिकटून बसतं, मुळाशी राहतं. घड लागतो वर. त्यामुळे केळ्यात ते जवळजवळ उतरतच नाही. म्हणजे युरोपात निर्यात होणारं केळं स्वच्छ, आणि मजुराच्या परसातल्या कोनफळात, रताळ्यात विष. पावसाने ते ओढ्यात गेलं, तिथून समुद्रात, म्हणून किनाऱ्याच्या काही पट्ट्यांत मासेमारीला बंदी आली. मार्तिनिक आणि शेजारचं ग्वादलूप, दोन्हीकडे ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तात क्लोरडेकोन सापडतं. प्रोस्टेटच्या कर्करोगाचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक. २०२१ मध्ये सरकारने शेतमजुरांसाठी तो कामामुळे होणारा आजार म्हणून मान्य केला.

कोणी म्हणेल, विष काय कातडीचा रंग बघून चढतं? बेकेही त्याच बेटावर राहतात. खरंय. पण भुकटी टाकायचं ठरवलं कोणी, पैसे कमावले कोणी आणि बादली होती कोणाच्या हातात?

मार्तिनिकमध्ये गार्सें माल्सा म्हणून एक नेते आहेत. सेंत-आन गावाचे बरीच वर्षं महापौर होते. पर्यावरणवादी म्हणून ते ओळखले जातात, आणि गुलामगिरीची भरपाई मागणाऱ्या चळवळीचे प्रमुखही तेच. त्यांना ही दोन कामं वेगळी वाटली नाहीत, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या संघटनेने २००५ मध्ये भरपाईसाठी फ्रान्स सरकारला कोर्टात खेचलं. पुढच्या एक-दोन वर्षांत क्लोरडेकोनच्या फौजदारी तक्रारीही दाखल झाल्या.

दोन्हींचे निकाल आले २०२३ मध्ये. जानेवारीत पॅरिसच्या तपास न्यायाधीशांनी क्लोरडेकोन प्रकरण बंद केलं. हा आरोग्याचा घोटाळा आहे, हे त्यांनी मान्य केलं, पण इतक्या वर्षांपूर्वीचा गुन्हा आता सिद्ध होणं अवघड, म्हणाले. जुलैमध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने गुलामगिरीच्या भरपाईचा दावा फेटाळला. पूर्वजांवर झालेल्या अन्यायाने आज तुमचं स्वतःचं थेट काय नुकसान झालं, ते दाखवता आलं नाही, असं कारण.

गंमत बघा. गुलामगिरीची भरपाई मागितली की म्हणतात, ज्यांनी सोसलं ते तर कधीच गेले. क्लोरडेकोनमध्ये सोसणारे जिवंत आहेत, रक्ताचे अहवाल हातात आहेत, परवान्यांवरच्या सह्या दफ्तरात आहेत. तरी कोर्टात पोचेपर्यंत तेही जुनंच झालं!

फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रान्सच्या कनिष्ठ सभागृहाने सरकारची जबाबदारी मान्य करणारं विधेयक मंजूर केलं. सध्या बेटावर माती फुकट तपासून मिळते, रक्तही. मोठ्या क्षेत्रावरची माती साफ करायची परवडणारी पद्धत मात्र अजून सापडलेली नाही, आणि काही जमिनींत हे विष कित्येक शतकं राहील असा अंदाज आहे. मातीत विष निघालं तर सल्ला मिळतो: परसात कंदमुळं लावू नका, नीरफणस चालेल.